हेलियमची साक्ष

विजयदुर्ग किल्ल्यात ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून ओळखले जाणारे ओटे आहेत. नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात याच जागेवरून हेलियमचा शोध लावला, असे तिथे सांगितले जाते. त्या तारखेला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो. यातले कट्टे खरे, साहेब खरा आणि हेलियमही खरे. चुकले आहे ते साल. ऑगस्ट १८६८ मध्ये लॉकियर हिंदुस्थानात नव्हतेच. ते विजयदुर्गाला आले तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी.

साल दुरुस्त केले की एक मोठी गोष्ट हाती लागते. पहिल्या ग्रहणाच्या वेळी अणू ही एक भरीव, अभेद्य गोळी मानली जात होती. दुसऱ्या ग्रहणाच्या नऊ महिने आधी त्या गोळीतून एक तुकडा बाहेर निघालेला होता. पुढच्या पस्तीस वर्षांत अणूचे केंद्रक सापडले, इलेक्ट्रॉनांची शिस्त कळली, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन उलगडले. यातल्या जवळजवळ प्रत्येक वळणावर हेलियम हजर आहे. कधी ते वर्णपटातली रेघ होऊन येते, कधी प्रयोगशाळेतली बंदुकीची गोळी होऊन, तर कधी वादातला साक्षीदार होऊन.

वजनातून आलेला अणू

पदार्थ सूक्ष्म कणांचे बनलेले आहेत, हा विचार आपल्याकडे कणादांच्या वैशेषिक दर्शनात आहे, ग्रीसमध्ये डेमॉक्रिटसच्या परंपरेत आहे. दोन्हीकडे तो तर्काने मांडलेला आहे. पदार्थ तोडत तोडत गेले तर कुठेतरी थांबावेच लागेल, अशी ती मांडणी होती. ती खरी की खोटी हे ठरवणारी मोजणी मात्र कुठेच नव्हती.

ती मोजणी इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात जॉन डाल्टन या शिक्षकाने तराजूच्या आधारे केली. कार्बनचे दोन वायू घ्या. एकात १२ ग्रॅम कार्बनसोबत १६ ग्रॅम ऑक्सिजन असतो, दुसऱ्यात ३२. नेमका दुप्पट, मधले कुठलेही प्रमाण सापडत नाही. पदार्थ सलग असता तर १९ किंवा २५ ग्रॅमही चालले असते. ऑक्सिजन ठरावीक नगांनी जोडला जातो, म्हणूनच हिशेब पूर्णांकात येतो. १८०८ मध्ये डाल्टनने हा विचार ग्रंथरूपाने मांडला. प्रत्येक मूलद्रव्याचा अणू वेगळा, त्याचे वजन वेगळे, आणि तो फुटत नाही.

या अणूला आतली बाजू नव्हती. रसायनशास्त्राला तिची गरजही पडली नाही. गरज पडली ती प्रकाशाच्या अभ्यासकांना.

प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा

१८१४ मध्ये योजेफ फ्राउनहोफर या जर्मन काचकारागिराने सूर्यप्रकाश लोलकातून पसरवला, तेव्हा रंगपट्ट्यावर शेकडो काळ्या रेघा दिसल्या. त्यांचा अर्थ १८५९ मध्ये हायडेलबर्गच्या किर्खोफ आणि बुन्सेन या जोडीने लावला. मीठ ज्योतीत टाकले की पिवळा प्रकाश पडतो. तो लोलकातून पाहिला तर सलग रंगपट्टा न दिसता दोन बारीक पिवळ्या रेघा दिसतात, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या. सोडियम कुठल्याही क्षारात असो, रेघा त्याच. तप्त वायू ज्या रेघा देतो, त्याच रेघा तो थंड असताना मागून येणाऱ्या प्रकाशातून गिळतो. फ्राउनहोफरच्या काळ्या रेघा म्हणजे सूर्याभोवतीच्या वायूंनी गिळलेले रंग होते.

हे घरीही पाहता येते. जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर सीएफएल दिव्याचे प्रतिबिंब तिरके पाडा. रंगांचे वेगवेगळे तुकडे दिसतात. एलईडी बल्बचे पाडले तर रंग एकमेकांत मिसळत सलग जातात. सीएफएलमध्ये पारा असतो, आणि त्यातल्या काही रेघा थेट पाऱ्याच्या अणूंच्या असतात.

या पद्धतीने हायडेलबर्गच्या जोडीने सीझियम आणि रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्येही शोधली. पण एक प्रश्न शिल्लक राहिला. अणू जर भरीव गोळी असेल, तर ती ठरावीक रंगच का देते? लोखंडाचा वर्णपट हजारो रेघांचा आहे. एवढ्या रेघा देणारी वस्तू आतून साधी असणे शक्य नव्हते.

दोन ग्रहणे

१८ ऑगस्ट १८६८ ला चंद्राच्या सावलीचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून दख्खन ओलांडत आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत गेला. खग्रास स्थिती काही ठिकाणी पाच मिनिटांहून अधिक टिकली. विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टणम आणि पटवर्धनांच्या संस्थानातले जमखंडी इथे निरीक्षक वर्णपटदर्शी घेऊन बसले होते. चंद्राआडून डोकावणाऱ्या सूर्याच्या लालसर ज्वाळा म्हणजे काय, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर मिळाले. ज्वाळांच्या वर्णपटात सुट्या तेजस्वी रेघा होत्या, म्हणजे त्या तप्त वायूच्या होत्या. त्यात हायड्रोजनच्या रेघा होत्याच, शिवाय एक पिवळी रेघही होती. बऱ्याच जणांना ती सोडियमची वाटली.

गुंटूरला आलेले फ्रेंच शास्त्रज्ञ झ्यूल जान्सेन यांनी ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी उघड्या सूर्यावरही या ज्वाळा वर्णपटदर्शीतून पाहून दाखवल्या. ग्रहणाची वाट पाहण्याची गरज उरली नाही. लॉकियर यांनी हीच युक्ती स्वतंत्रपणे इंग्लंडमध्ये २० ऑक्टोबरला वापरली, आणि पिवळ्या रेघेची जागा नीट मोजल्यावर ती सोडियमच्या रेघांपासून सरकलेली आढळली. ती ५८७.६ नॅनोमीटरवर होती. पृथ्वीवरच्या कुठल्याही ज्ञात मूलद्रव्याची रेघ तिथे बसत नव्हती. सूर्यावरच्या या अनोळखी मूलद्रव्याला हेलियम हे नाव मिळाले. अनेक रसायनतज्ज्ञांनी ते मानले नाही. एका रेघेवरून मूलद्रव्य ठरवायचे, तेही नऊ कोटी मैलांवरून?

१८९५ मध्ये लंडनला विल्यम रॅमसे यांनी क्लेव्हाइट नावाचे युरेनियमचे खनिज आम्लात टाकले. निघालेल्या वायूत त्यांना तीच पिवळी रेघ दिसली. सत्तावीस वर्षे फक्त सूर्यावरच माहीत असलेले हेलियम पृथ्वीवर सापडले. ते युरेनियमच्याच दगडात का सापडावे, हे तेव्हा कुणालाच सांगता आले नसते.

तीन वर्षांनी दुसरे ग्रहण आले, आणि या वेळी सावली महाराष्ट्र उभा-आडवा कापत गेली. लॉकियर विजयदुर्गाला उतरले. त्यांच्या मदतीला ‘मेलपोमिनी’ या युद्धनौकेवरचे खलाशी होते. पुलगावला ब्रिटिश तुकडी होती. करमाळा तालुक्यातल्या जेऊरला कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्पबेल आले होते. तिथेच पुण्याहून आलेली आणखी एक तुकडी होती, प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांची.

नायगमवाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, शिकवत. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून त्यांनी पुण्यात वेधशाळा उभारली होती. तिथली २० इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. जेऊरची मोहीम प्लेगच्या दिवसांतली; पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली त्याला सातच महिने झाले होते. खग्रास स्थिती मिळणार होती जेमतेम दोन मिनिटे. सूर्यबिंब पूर्ण झाकले जाताना क्षणभर फक्त वर्णगोलाची, म्हणजे सूर्याच्या तेजस्वी पृष्ठालगतच्या पातळ थराची, कड उरते, आणि एरवी काळ्या दिसणाऱ्या रेघा लख्ख उजळतात. हा क्षणिक वर्णपट छायाचित्रात पकडणे हे जेऊर आणि विजयदुर्ग दोन्हीकडच्या कामांतले एक मोठे काम होते. नायगमवाला यांचा अहवाल पुढे प्रसिद्धही झाला. ते निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

एप्रिल १८९७ मध्ये, म्हणजे या ग्रहणाच्या नऊ महिने आधी, केंब्रिजच्या जे. जे. थॉमसन यांनी निर्वात नळीतल्या किरणांत ऋणभारित कण असल्याचे जाहीर केले होते. नळीत कुठलाही वायू असला, धातू कुठलाही वापरला, तरी कण तोच निघे, आणि तो हायड्रोजनच्या अणूपेक्षाही कितीतरी हलका होता. हा इलेक्ट्रॉन. अणूला आतली बाजू आहे, हे आता सिद्ध झाले होते. ती कशी रचलेली आहे, हे कळायला आणखी चौदा वर्षे लागली.

हेलियमच्याच गोळ्या

युरेनियम आपोआप काहीतरी बाहेर टाकते, हे आंरी बेकरेल यांना १८९६ मध्ये पॅरिसला दिसले होते. अर्नेस्ट रदरफर्ड यांनी त्यातले दोन प्रकार वेगळे काढले आणि त्यांना अल्फा, बीटा अशी नावे दिली. अल्फा कण जड, धनभारित आणि वेगवान होते. ते नेमके काय आहेत, हे ठरवण्यासाठी १९०८ मध्ये रदरफर्ड आणि रॉइड्स यांनी एक सुंदर प्रयोग केला. अल्फा कण टाकणारा वायू त्यांनी अतिशय पातळ भिंतीच्या काचनळीत कोंडला. कण त्या भिंतीतून पार होऊन बाहेरच्या निर्वात नळीत साठत. काही दिवसांनी बाहेरच्या नळीत विजेची ठिणगी पाडून प्रकाश लोलकातून पाहिला. विजयदुर्गाच्या दंतकथेतली ती पिवळी रेघ तिथे होती. अल्फा कण म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले हेलियम.

रॅमसेंच्या दगडाचेही कोडे सुटले. युरेनियम-२३८ चा अणू टप्प्याटप्प्याने शिसे-२०६ होईपर्यंत आठ अल्फा कण टाकतो; ३२ एककांची घट चारचारच्या आठ घासांत होते. हे कण दगडातच अडकून हेलियम वायू होतात. आज जमिनीतून मिळणारे जवळजवळ सगळे हेलियम असेच तयार झालेले आहे.

मग याच कणांचा रदरफर्ड यांनी मारा करायला उपयोग केला. मँचेस्टरच्या त्यांच्या प्रयोगशाळेत हान्स गायगर आणि विशीतला विद्यार्थी अर्नेस्ट मार्सडेन सोन्यासारख्या जड धातूंच्या पातळ वर्खासारख्या पत्र्यांवर अल्फा कण सोडत. बहुतेक कण सरळ पार जात. १९०९ मध्ये त्यांना आढळले की साधारण ८,००० कणांमागे एखादा उलट फिरतो. थॉमसन यांच्या कल्पनेत अणूचा धनभार अणूभर विरळ पसरलेला होता. त्याला असा जड कण परतवता आला नसता. १९११ मध्ये रदरफर्ड यांनी निष्कर्ष काढला की सगळा धनभार आणि जवळजवळ सगळे वस्तुमान मध्यभागी अत्यंत लहान जागेत गोळा झालेले आहे. सोन्याच्या अणूचे केंद्रक दोन मिलिमीटरच्या मोहरीएवढे धरले, तर अणूचा व्यास सुमारे ४० मीटर भरतो. मधल्या जागेत फक्त इलेक्ट्रॉन.

हीच गोळी पुढेही कामाला आली. १९१९ मध्ये अल्फा कणांनी नायट्रोजनच्या केंद्रकातून हायड्रोजनचे केंद्रक उडवून काढले, ते प्रोटॉन. १९३२ मध्ये बेरिलियमवर अल्फा कणांचा मारा केल्यावर निघणारे भाररहित कण म्हणजे न्यूट्रॉन, हे जेम्स चॅडविक यांनी सिद्ध केले.

बोर आणि ४.००१६

रदरफर्ड यांचा अणू प्रयोगाला धरून होता, पण त्या काळच्या भौतिकशास्त्राप्रमाणे तो टिकायलाच नको होता. केंद्रकाभोवती फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनने सतत प्रकाश टाकत, ऊर्जा गमावत, सेकंदाच्या अब्जांश भागाआतच केंद्रकात कोसळायला हवे होते. आणि कोसळताना त्याने सगळे रंग सलग द्यायला हवे होते, ठरावीक रेघा नव्हेत.

डेन्मार्कचे नील्स बोर १९१२ मध्ये काही महिने मँचेस्टरला होते. पुढच्या वर्षी त्यांच्या पाहण्यात एक जुने सूत्र आले. बाझेल शहरातल्या योहान बाल्मर या शाळामास्तरांनी १८८५ मध्ये हायड्रोजनच्या दृश्य रेघांच्या तरंगलांब्या एका सूत्रात बसवल्या होत्या. २ पेक्षा मोठा कुठलाही पूर्णांक घ्या, त्याचा वर्ग करा, त्या वर्गातून ४ वजा करून येणाऱ्या संख्येने त्याच वर्गाला भागा आणि उत्तराला सुमारे ३६४.६ ने गुणा. पूर्णांक ३ घेतला की ६५६ नॅनोमीटरची तांबडी रेघ येते, ४ घेतला की ४८६ ची निळसर. सूत्र अचूक होते, पण का, ते बाल्मरनाही ठाऊक नव्हते.

बोर यांनी कारण दिले. इलेक्ट्रॉनला अणूत कुठेही राहता येत नाही, ठरावीक ऊर्जापातळ्यांवरच राहता येते. पातळीवर असेपर्यंत तो प्रकाश टाकत नाही; वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर उतरताना तेवढ्या फरकाचा एक प्रकाशकण टाकतो. हायड्रोजनची दुसरी पातळी उणे ३.४० इलेक्ट्रॉन-व्होल्टची, तिसरी उणे १.५१ ची. फरक १.८९, आणि तेवढ्या ऊर्जेचा प्रकाश म्हणजे ६५६ नॅनोमीटरची तीच तांबडी रेघ. बाल्मरच्या सूत्रातले पूर्णांक हे पातळ्यांचे क्रमांक होते.

लोकांनी शंका घेतली, आणि पुन्हा हेलियमची साक्ष निघाली. काही ताऱ्यांच्या वर्णपटात एक रेघांची माळ होती, ती हायड्रोजनची समजली जाई. लॉकियर यांचे एके काळचे सहायक आल्फ्रेड फाउलर यांनी तशा रेघा प्रयोगशाळेतही मिळवल्या होत्या. बोर यांच्या सूत्रात त्या हायड्रोजनसाठी बसत नव्हत्या. बोर म्हणाले, या हायड्रोजनच्या नाहीतच; एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या आहेत. अशा हेलियमभोवती एकच इलेक्ट्रॉन उरतो आणि केंद्रकाचा भार दुप्पट असतो, म्हणून ऊर्जा चौपट.

फाउलर यांनी आक्षेप घेतला की मोजणीत पट चार येत नाही, ४.००१६ येते. बोर यांनी हिशेब अधिक काटेकोर केला. केंद्रक अगदी स्थिर नसते, इलेक्ट्रॉनसोबत तेही थोडे डुलते, आणि हेलियमचे जड केंद्रक हायड्रोजनच्या केंद्रकापेक्षा कमी डुलते. हा फरक धरल्यावर पट आली ४.००१६३. फाउलर यांचे समाधान झाले.

लॉकियर यांचा एक जुना आग्रहही याच्याशी जुळतो. तीव्र उष्णतेत मूलद्रव्यांचे अणू फुटून साधे होतात, म्हणून काही रेघा प्रखर होतात, असे ते वर्षानुवर्षे म्हणत; फार कुणी ऐकले नाही. १९२० मध्ये मेघनाद साहा यांनी दाखवले की उष्णतेने अणू इलेक्ट्रॉन गमावतात, आणि किती अणू किती तापमानाला व दाबाला ते गमावतील, हे समीकरणाने सांगता येते. इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूच्या रेघा वेगळ्या असतात. लॉकियर यांच्या म्हणण्यातला तथ्यांश असा वेगळ्या रूपात खरा ठरला. साहा यांनी त्या सुमारास लंडनला फाउलर यांच्याच प्रयोगशाळेत काही महिने काम केले. लॉकियर त्याच वर्षी वारले.

बोर यांचा अणूही अंतिम ठरला नाही. हायड्रोजनपलीकडे, दोन इलेक्ट्रॉन असलेल्या साध्या हेलियमलाच तो अडखळला. १९२५-२६ मध्ये हायझेनबर्ग आणि श्रोडिंगर यांच्या पुंजयामिकीने ठरावीक कक्षांची कल्पना मोडीत काढली. ऊर्जापातळ्या मात्र टिकल्या.

केंद्रकाच्याही रेघा

अणूच्या या शोधांचा आजचा एक उपयोग मावळातल्या सुदुंबरे गावी पाहायला मिळतो. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या बटालियनचा तळ इथे आहे. पूर आणि दरडींच्या बातम्यांत या दलाचे नाव येते. रासायनिक, जैविक आणि किरणोत्सारी आपत्तींना तोंड देणे हेही त्याच्या कामात मोडते. अशा आपत्तीत हाती धरायचे पहिले साधन असते किरणोत्सार मोजण्याचे, आणि ते थेट रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेतून आलेले आहे. अल्फा कण एक एक करून मोजता यावेत म्हणून १९०८ मध्ये गायगर आणि रदरफर्ड यांनी विजेवर चालणारा गणक केला. पुढे १९२८ मध्ये गायगर यांनी म्युलर यांच्यासोबत त्याला आजचे रूप दिले. नळीत वायू भरलेला, मधून तार गेलेली, तारेवर उच्च दाबाची वीज. बाहेरून आलेला कण वायूच्या अणूतून इलेक्ट्रॉन उडवतो, तो तारेकडे धावताना आणखी उडवतो, आणि विजेचा एक ठोका पडतो.

हा गणक किती कण आले ते सांगतो, कुठल्या पदार्थातून आले ते सांगत नाही. त्यासाठी पुन्हा रेघांकडेच जावे लागते, कारण ऊर्जापातळ्या केंद्रकालाही असतात. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात कोबाल्ट-६० सापडले आणि एका कामगाराचा जीव गेला. कोबाल्ट-६० चे केंद्रक क्षय पावल्यावर १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे दोन गॅमा किरण, म्हणजे अतिशय ऊर्जावान प्रकाशकण, टाकते. सीझियम-१३७ ची खूण ०.६६२ ला दिसते. हेलियमच्या पिवळ्या प्रकाशकणाची ऊर्जा २.११ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे कोबाल्टच्या या रेघा त्याच्या साडेपाच ते सव्वासहा लाख पट. पण वाचण्याची रीत किर्खोफ-बुन्सेन यांचीच. रेघेची जागा पाहा, पदार्थ ओळखा.

कोणते किरण आहेत हे कळले की काय करायचे तेही ठरते. गॅमा किरण भिंतीतूनही येतात, म्हणून अंतर वाढवायचे, तिथे घालवायचा वेळ कमी करायचा, मध्ये शिसे किंवा जाड काँक्रीट आणायचे. अल्फा टाकणाऱ्या पदार्थाचे उलट आहे. त्याचे कण हवेत काही सेंटिमीटर जाऊन थांबतात, कागद त्यांना अडवतो, कातडीचा वरचा मृत थरही अडवतो. पण त्या पदार्थाची धूळ श्वासातून फुप्फुसात गेली, तर तेच जड कण अगदी लगतच्या पेशींवर आदळतात आणि थोड्या जागेत आपली सगळी ऊर्जा ओततात. अल्फाची शंका असलेल्या जागी नाकातोंडावर पक्का मास्क हवा, जखम झाकलेली हवी, आणि तिथे काही खायचे-प्यायचे नाही. इलेक्ट्रॉन गमावलेले वेगवान हेलियम काय करू शकते, हे सोन्याच्या पत्र्यावरून कळले होते. त्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच आहे.